जुने यंत्र, नवे यंत्र

बेळगाव-निपाणीकडील संगीतप्रेमी घरांना मिरजेचा तंबोरा परका नाही. तंबोरा कितीही जुना असो, त्याची जवारी झिजली की कारागिराकडून ती पुन्हा लावून घ्यावी लागते. तेव्हाच तो झंकारतो. गिटारच्या ध्वनिवर्धकाविषयीही मला हेच म्हणावयाचे आहे.

इंग्लंडच्या मार्शल कंपनीने १९८१ मध्ये ‘जेसीएम ८००’ ही मालिका काढली आणि २००२ मध्ये तिच्यातील १०० वॅटचा नमुना पुन्हा तयार केला. जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह दोहोंतही आहेत. त्यांना पेलवेल त्याहून प्रबळ लहर आली, की तिचे माथे कापले जातात आणि नवे उपस्वर उमटतात. त्याच खरखरीत नादावर वादक लुब्ध होतात. अस्सल नाद जुन्याचाच, असे अनेक शौकीन मानतात. परंतु चाळीस वर्षांत व्हॉल्व्ह झिजून बदलावे लागतात, कपॅसिटर सुकतात. मग आज ऐकू येणारा तो नाद १९८१ चाच कशावरून?

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, महागड्या जुन्या यंत्रासाठी वडिलांपाशी हट्ट धरण्यापूर्वी डोळे मिटून दोन्ही ऐका. सनावळीपेक्षा आपला कान अधिक प्रामाणिक साक्षीदार आहे.