वेठीला कोण आणि धरणारा कोण?

एसटीच्या कामगारांनी २०२१ च्या ऐन दिवाळीत संप केला, तेव्हा ‘प्रवासी वेठीस’ हे शब्द जिकडेतिकडे झळकले. आमच्या बुलढाण्याच्या स्टँडावरही माणसांचे हाल झाले, लेकीबाळी खोळंबल्या. ते कोण नाकारील? पण खोळंबा म्हणा, अडवणूक म्हणा. मराठीत शब्दांचा काय दुष्काळ पडला आहे?

वेठ हा संस्कृतातल्या ‘विष्टि’चा वंशज. अर्थ सरळ आहे : बळजबरीने, मोबदल्यावाचून करून घेतलेले काम. साहेबाचा मुक्काम हलला की गावातला गरीब माणूस धरायचा, त्याच्या डोक्यावर ओझे द्यायचे आणि पुढच्या गावापर्यंत पिटाळायचे. मजुरीचे नाव नाही. हे वेठीस धरणे! धरणारा बलवान, धरला जाणारा दुबळा. आता सांगा, स्टँडावरच्या प्रवाशाकडून कंडक्टरने कोणते काम फुकट करून घेतले?

कोणी म्हणेल, अहो, शब्दांचे अर्थ बदलतातच. बदलतात की! पण हा अर्थ नेमका मजुराच्याच अंगावर उलटावा, यात मला योगायोग दिसत नाही.

राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठीला मनाई केली. त्याच्या इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हा आपलाच शब्द आहे. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. पुढे १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी बांधकामावर राबणाऱ्या मजुरांच्या खटल्यात, न्यायमूर्ती भगवतींनी सक्तीचा अर्थच उलगडून दाखवला. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे हीही सक्तीची मजुरीच. मागे दंडुका घेऊन कोणी उभे असलेच पाहिजे असे नाही. भूकही सक्ती करते.

हा अर्थ पाहायला आम्हांला दिल्लीला जायला नको. सिंदखेडराजा-लोणारकडची माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने! मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच घरात खर्ची पडलेली असते. हंगामात ती फिटली नाही की बाकी पुढच्या सालावर, आणि पुढच्या साली पुन्हा तोच फड. त्यातल्या एखाद्या बाईने भाऊबीजेला माहेरी जाते म्हटले, तर मुकादम आधी उचलीचा हिशेब मागतो. तिच्यासाठी ‘वेठीस’ हा शब्द मथळ्यात आलेला मी अजून पाहिलेला नाही.