टाळी केव्हा वाजवायची?

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या फक्त आपल्याच मुलखाची, असा माझा पक्का समज होता. व्हिएन्नाला गेल्यावर तो गेला. तिथल्या ऑपेरागृहात उभे राहून ऐकणाऱ्यांसाठी स्वस्त तिकिटे असतात, आणि जागा धरायची तर समोरच्या कठड्याला आपला गळपट्टा बांधून ठेवायचा. मग खुशाल बाहेर फिरून या. त्या गळपट्ट्याला कोणी हात लावीत नाही. (एसटीत लावतात.) हे ऐकले तेव्हा वाटले, हे शहर आपल्याला अगदीच परके नाही.

जर्मन विषयामुळे मला गेल्या वर्षी एक सत्र व्हिएन्नात शिकण्याची संधी मिळाली. शिष्यवृत्तीत राहणे-खाणे भागत होते, चैन नव्हती. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. आईने अजून मुंबईही पाहिलेली नाही. अशा घरातली मुलगी नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी एकटीच मुझिकफेराइनच्या दारात उभी राहिली.

हे सभागृह १८७० साली उघडले. सगळीकडे सोनेरी मुलामा, छतावर चित्रे, १७४४ खुर्च्या, आणि मागच्या बाजूला सुमारे तीनशे माणसांना उभे राहण्याची जागा. दर एक जानेवारीला जगभर दाखविला जाणारा नववर्षाचा कार्यक्रम इथलाच. मुंबईचे झुबिन मेहता १९५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, याच शहरात शिकायला आले आणि पुढे तो कार्यक्रम त्यांनी पाच वेळा संचालित केला. धीर यावा म्हणून मी हे मनात घोळवीत होते. पण त्यांचे वडील मेहली मेहता स्वतः व्हायोलिनवादक, मुंबईत वाद्यवृंद उभा करणारे. माझे वडील गावच्या भजनी मंडळात टाळ धरतात. धीर फारसा आला नाही.

उभ्या जागेचे तिकीट एका साध्या जेवणाच्या किमतीचे होते. ओव्हरकोट बाहेर जमा केला. कार्यक्रमपत्रिकेला वेगळे पैसे पडत होते, ते वाचविले. ही काटकसर मला महागात पडणार होती, कारण सिंफनीचे भाग चार आहेत हे त्या पत्रिकेतच छापलेले होते.

उत्तरार्धात बेथोव्हेनची सातवी सिंफनी होती. संगीतातले मला शास्त्र कळत नाही. पण पहिल्या भागात एक उड्या मारणारा ठेका सुरू होतो आणि शेवटपर्यंत सुटत नाही. शाळेत लेझीम खेळताना अंगात यायचे तसे काहीसे माझ्या अंगात आले. शेवटी सगळी वाद्ये एकदम उसळली आणि थांबली. कार्यक्रम संपला! मी टाळ्या वाजविल्या. मोजून तीन. चौथ्या टाळीला कळले की दोन हजार माणसांत टाळी फक्त माझी आहे.

पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. कोणी काही बोलले नाही, ओरडले नाही. एका बाईच्या चेहऱ्यावर बारीकसे हसू होते, एवढेच. मला मात्र क्षणात आठवले की माझ्या अंगावरचा स्वेटर उसना आहे.

दुसरा भाग मी तापलेल्या कानांनी ऐकला. तो फार हळू सुरू होतो. एक लांब ठोका, दोन आखूड, पुन्हा दोन लांब. खर्जातली तंतुवाद्ये तेवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहतात, सूर जवळजवळ हलतच नाही. सभागृहात कोणी श्वास घेतल्यासारखेही वाटत नव्हते. अंत्ययात्रेत पुढे कोणी बोलत नाही, नुसती पावले ऐकू येतात, तसे. त्या शांततेवाचून ते मला ऐकूच आले नसते, हे कबूल करायला हवे.

कार्यक्रम संपल्यावर शेजारी उभे असलेले एक आजोबा माझ्याशी मुद्दाम सावकाश जर्मनमध्ये बोलले. त्यांनी सांगितलेले मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन ताडून पाहिले, ते खरे निघाले. ही सिंफनी पहिल्यांदा वाजली ती याच शहरात, ८ डिसेंबर १८१३ रोजी, विद्यापीठाच्या सभागृहात. हानाउच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या मदतीसाठी तो कार्यक्रम होता आणि संचालन करायला स्वतः बेथोव्हेन उभा होता. त्या दिवशी दुसरा भाग लोकांना इतका आवडला की त्यांनी तो तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. म्हणजे चक्क वन्समोर! आपल्या संगीत नाटकांना मिळायचा तसा. मोझार्टनेही १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिले होते की त्याची सिंफनी चालू असताना मध्येच लोकांनी टाळ्यांचा गजर केला. तो रागावला नव्हता, खूष झाला होता. भागाभागांच्या मध्ये मुके राहण्याची ही शिस्त पक्की झाली ती बरीच नंतर, विसाव्या शतकात. माझी चूक झाली ती अशी, शंभर-सव्वाशे वर्षे उशिरा आल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी घरी फोन केला. आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग वाजवणाऱ्याला कळतं कसं गं, बरं चाललंय म्हणून?" मी म्हणाले, शेवटी टाळ्या वाजवतात. "शेवटी व्हय? जेवून हात धुतल्यावर आमटी चांगली होती म्हणायचं!" वडील मागून म्हणाले, "प्रत्येकाची रीत असती." दोघांचेही मला पटले.

माझी तक्रार शांततेबद्दल नाहीच. रीत असावी. पण ती कोणी सांगत नाही. येणाऱ्याला ती ठाऊकच असणार असे धरून चालतात, आणि ज्याला ठाऊक नसते त्याच्याकडे माना वळतात. तिकीट स्वस्त करणे सोपे आहे. व्हिएन्नाने ते केले आणि त्याबद्दल मला त्या शहराचा आदर आहे. पण दारावर एवढीच पाटी लावली असती की "चार भाग आहेत, टाळ्या शेवटी", तर काय बिघडले असते?

आपल्याकडे वेगळे आहे असे कोणी समजू नये. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात पंडित रविशंकर आणि साथीदारांनी वाद्ये जुळवून घेतली आणि श्रोत्यांनी त्यालाच टाळ्या दिल्या. पंडितजींनी हसतमुखाने, गोड थट्टा करून ते निभावून नेले. ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या चवीने सांगितली जाते: पाहा, अमेरिकनांना काही कळत नाही! पण मी प्रथम वर्षाला असताना एका गायनाच्या कार्यक्रमात तानपुरा लावून झाल्यावर आमच्या गावाकडच्या तीन मुलांनी टाळ्या वाजविल्या होत्या, तेव्हा हसणारे आपणच होतो. ती मुले पुन्हा अशा कार्यक्रमाला आलेली मी पाहिली नाहीत. प्रथम वर्षाचे पहिले दोन महिने मी स्वतः ग्रंथालयाच्या काउंटरपाशी गेले नव्हते, कारण पुस्तकाची चिठ्ठी कशी भरायची ते माहीत नव्हते आणि विचारले तर हसतील असे वाटे. आपण त्याला संकोच म्हणतो आणि दोष त्या मुलाच्या स्वभावावर टाकून मोकळे होतो.

जानेवारीत, परत येण्याच्या आधल्या आठवड्यात, मी पुन्हा मुझिकफेराइनला गेले. आता मी जुनी होते. कोट कुठे द्यायचा, कुठल्या खांबाआड काही दिसत नाही, सगळे पाठ. पहिला भाग संपला आणि डावीकडून टाळी आली. एकच, खणखणीत. कोणी कोवळा मुलगा होता, पाठीला पिशवी अडकवलेला.

माझी मान वळली. सगळ्यांच्या बरोबर वळली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला जिन्यावर शोधले, कोटांच्या रांगेत शोधले. तो मध्येच निघून गेला असावा.