दुबळ्या जोडीची सवलत

गौरी-गणपतीचें जागरण पत्त्यांवांचून पुरें होत नाहीं, हें आमच्या किनाऱ्यावरील मोठ्या घरांस सांगावयास नको. आणि मांडव्याच्या लहान बोटी पावसाळ्यांत बंद पडल्या, म्हणजे मुंबईकर मंडळींचें जाणें-येणें कमी होऊन घरचीं माणसें पडवींत बसतात, तेव्हांही पत्तेच बाहेर निघतात. अशा घरांत ब्रिज शिरला कीं एक तक्रार ठरलेली असते. चार-सहा महिन्यांत एकच जोडी नेहमीं जिंकूं लागते. मग कोणाचें डोकें दुखतें, कोणाला मुलांचा अभ्यास आठवतो, नुकतीच खेळ शिकलेली सूनबाई स्वयंपाकघरांत काम शोधते, आणि टेबल मोडतें. ब्रिजच्या मंडळांतही हेंच घडतें. त्यावर तेथें जो उपाय करतात, त्यास हँडिकॅप म्हणतात.

नशीब हा या खेळांतील मोठा भाग, असें मानणारांस ही तक्रार खोटी वाटेल. पण मंडळांतील स्पर्धेंत एकदां वांटलेले पत्ते तसेच राखून प्रत्येक टेबलावर खेळवितात, व ज्यांनीं तेच पत्ते धरले त्यांच्याशींच आपली तुलना होते. लंडनमध्यें १८५७ सालीं व्हिस्टच्या खेळांत हा प्रयोग झाला होता. ज्या जोडीहून आपला डाव सरस, तिच्यामागें दोन गुण. बरोबरी झाल्यास एक. आठ टेबलें असतील तर एका डावाचे फार तर चौदा गुण, सरासरी सात. चोवीस डावांचे ३३६, आणि १६८ म्हणजे शेंकडा पन्नास. पत्त्यांचें नशीब असें बाजूस झालें, म्हणजे दुबळ्याचा एकमेव कैवारी गेला!

आतां सवलत कशी देतात तें पाहूं. एक जोडी नेहमीं शेंकडा ५८ च्या आसपास गुण मिळविते, दुसरी ४४ च्या. पन्नास हा मध्य धरून पहिलीचे आठ वजा करावयाचे, दुसरीस सहा द्यावयाचे. समजा, आज पहिलीस ६० मिळाले, दुसरीस ४७. हिशेबानंतर पहिलीचे ५२ व दुसरीचे ५३, बक्षीस दुसरीचें. कारण ती आपल्या नित्याच्या खेळाहून तीन पावलें पुढें गेली, पहिली दोनच. मात्र सवलत अर्धीच दिली तर पहिलीचे ५६, दुसरीचे ५०, आणि निकाल फिरला. पूर्ण सवलत द्यावी कीं अर्धी, यावर मंडळांत कडाक्याचे वाद होतात. पूर्ण सवलतीनें कौशल्याचें मोल उरत नाहीं. फार थोडी दिली तर ती देऊन न दिल्यासारखीच. पाऊणाच्या जवळपास राहावें, असें आम्हांस वाटतें. वरील उदाहरणांत त्यानें पहिलीच जोडी जिंकते, पण अंतर तेरावरून अडीचवर येतें, आणि अडीच गुणांचें अंतर पुढच्या आठवड्यास बोलावून आणतें.

नेहमींचे गुण ठरवावे कसे, ही खरी मेख आहे. येथें आम्हांस अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची आठवण होते. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणून १९०४ सालीं वेध घेण्याचें काम कुलाब्याहून अलिबागेस हलविलें; पण १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले, तेव्हां कोठें दोहोंतील स्थिर फरक हातीं आला व जुन्या आंकड्यांची नव्यांशीं सांगड घालतां आली. दोन संध्याकाळच्या खेळावरून कोणाची योग्यता ठरविणारांनीं एवढा धीर धरावा. शिवाय ५८ गुण कोणांविरुद्ध मिळाले, हेंही पाहिलें पाहिजे. नवशिक्यांच्या मेळाव्यांतले ५८ आणि मुरलेल्यांतले ५८ एक नव्हेत. इंग्लंडच्या ब्रिज संघटनेची जी श्रेणीपद्धति आहे, तींत भिडू व प्रतिस्पर्धी दोघांचीही ताकद हिशेबांत घेतात, आणि श्रेण्यांस नांवें पत्त्यांचींच आहेत. उलट, मास्टर पॉइंटांवरून सवलत ठरविणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. ते जमतात, उतरत नाहींत. सरकारी नोकरींतील ज्येष्ठतेसारखे. तरुणपणीं भरपूर गुण जमविलेल्या वृद्ध गृहस्थास आज हात मोजतांना अडखळावें लागत असेल, तरी त्याच्यावरचा भार तोच.

कांहीं मानी खेळाडू म्हणतात, दयेचें बक्षीस आम्हांस नको. त्यांच्यासाठीं मूळ गुणांचें बक्षीस वेगळें ठेवावें व मानाचा चषक त्यासच द्यावा. सवलतीचें बक्षीस निराळें. एका जोडीस दोन्ही मात्र देऊं नयेत. सवलत वाढावी म्हणून मुद्दाम हरणारे महाभाग सांपडतातच; त्यांवर उपाय इतकाच कीं, सवलतीस वरची मर्यादा घालावी आणि ती दर तीन महिन्यांनीं तपासावी.

घरच्या खेळांत तर गुणांना हात न लावतांही पुष्कळ साधतें. सवलत जोडीची असते व ती दोघांच्या सरासरीवरून निघते. ५८ चे आजोबा आणि ४४ ची सूनबाई एकत्र बसलीं, तर जोडी ५१ ची, आणि वजा करावयाचा गुण एकच. दोन भाऊ वर्षानुवर्षें एकमेकांचे भिडू राहून सर्वांस लुटीत असतील, त्यांस आधीं वेगळें करावें. सवलतीचा तक्ता मग काढावा. आजोबांस एकच अट घालावी: डाव संपेपर्यंत सूनबाईंच्या बोलीवर टीका करावयाची नाहीं.