अनियतकालिकांची पाठचिकित्सा : एक दुर्लक्षित बाजू

साठोत्तरी अनियतकालिकांवर मराठी विभागांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखनाचा भर जाहीरनामे, वाद आणि बंडखोरीची भाषा यांवरच राहिला. ही अनियतकालिके कोणत्या साधनाने व कशा कागदावर छापली गेली, हा प्रश्न बहुधा एखाद्या तळटीपेत संपतो. अभ्यासातील ही उणीव किरकोळ नव्हे.

अरुण कोलटकर, दिलीप चित्रे व रमेश समर्थ यांच्याशी निगडित असलेले 'शब्द' पन्नाशीच्या दशकात सायक्लोस्टाइलवर निघाले. या यंत्राला ना खिळे लागतात, ना जुळारी, ना छापखान्याचे देणे. मेणकागदावर मजकूर टंकित करावयाचा किंवा टोचणीने कोरावयाचा, आणि हाताने रूळ फिरवून प्रती काढावयाच्या. काहीशे प्रतींनंतर मेणकागद झिजतो. म्हणजे वाचकवर्गाची मर्यादा यंत्रच ठरविते. मराठी टंकयंत्रावर जोडाक्षरे मोजकीच असतात, त्यामुळे शब्दाची मोडणी बदलते. कोरलेल्या अक्षराला हे बंधन नाही. पुढे संग्रहात हेच लेखन प्रमाण मुद्रणात येते, तेव्हा मूळ पाठाचा हा सारा पुरावा पुसला जातो.

एका बाजूला 'मौज'ची सुबक, काटेकोर छपाई आणि दुसऱ्या बाजूला अनियतकालिकांचा ओबडधोबडपणा, अशी विभागणी नेहमी केली जाते. ती सोयीची आहे, खरी नाही. कोलटकर व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील चित्रकार होते. 'क्लिअरिंग हाउस'च्या पुस्तकांची मुखपृष्ठे त्यांनीच सिद्ध केली. 'जेजुरी' 1976 मध्ये तेथूनच निघाली. र. कृ. जोशी सुलेखनकार व अक्षररचनाकार होते, आणि अक्षराच्या मांडणीतूनच त्यांची कविता घडत होती. 1963 मध्ये 'असो' काढणाऱ्या अशोक शहाणे यांच्या 'प्रास'ने 1977 साली 'अरुण कोलटकरच्या कविता' प्रसिद्ध केल्या, 2003 मध्ये 'भिजकी वही'. ही पुस्तके पाहिल्यावर या मंडळींना सुबकतेचे वावडे होते असे म्हणणे कठीण आहे. सुबकता कोणी ठरवावयाची, एवढाच त्यांचा वाद होता.

या प्रश्नाकडे पाहण्याची परंपरा मराठीत नाही असेही नाही. 'दमयंतीस्वयंवरा'ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या अ. का. प्रियोळकरांनीच 1958 मध्ये भारतीय मुद्रणाचा इतिहास लिहिला. 1971 मध्ये बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील ग्रंथ आला. पोथीच्या कागदाची, शाईची, लेखनिकाच्या हस्तदोषांची चौकशी करणारा विभाग 1963 च्या अंकाबाबत मात्र पुनर्मुद्रणावर समाधान मानतो, हे विचित्र आहे. (पुनर्मुद्रणात मुखपृष्ठ तरी असतेच असे नाही.)

आणि वेळ फारसा उरलेला नाही. स्वस्त कागद ठिसूळ होऊन तुटतो आहे. ग्रंथालये अंक बांधताना वेष्टने व जाहिरातींची पाने काढून टाकतात. छापखान्याचे नाव पुष्कळदा तेथेच असते. गिरगावातील खिळाछपाई संपली आणि छपाईचा मोठा व्यवहार तुर्भे-महाप्यासारख्या पट्ट्यांतील ऑफसेट यंत्रांकडे गेला. खिळे जुळविणारी शेवटची पिढी आज वृद्ध आहे, आणि तिच्या मुलाखती कोणत्याही मराठी विभागाच्या संशोधनविषयांत क्वचितच आढळतील. नवी मुंबईतील पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका अंकाच्या उपलब्ध प्रती मिळवून, त्यांचा आकार, कागद, मुद्रणसाधन व पाठभेद यांची नोंद करणारा प्रबंधिका-विषय देता येईल. त्यासाठी मार्गदर्शकाने स्वतः एखादा मूळ अंक हाताळलेला असणे आवश्यक आहे.