समोर समुद्र, तरी वाळवंट. आणि पाऊस आला की तुंबई: दुबईचं नेमकं दुखणं काय?

एप्रिल २०२४ मधले ते व्हिडिओ अनेकांना आठवत असतील. दुबई विमानतळाच्या धावपट्टीवर पाणीच पाणी आणि त्यातून पाणी उडवत जाणारी विमानं. बारा पदरी रस्त्यावर छतापर्यंत बुडालेल्या महागड्या गाड्या. आखातात नातेवाईक असलेल्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांमध्ये त्या दिवशी फोन थांबत नव्हते.

१६ एप्रिलला २४ तासांत दुबईत १४२ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. दुबई विमानतळावर अख्ख्या वर्षाची सरासरी आहे सुमारे ९५ मिलिमीटर. म्हणजे दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात. यूएईत १९४९ पासून पावसाच्या नोंदी आहेत, त्यातला हा सगळ्यात मोठा पाऊस. अल ऐन भागातल्या खतम अल शकला इथे तर २५४ मिलिमीटरची नोंद झाली. एक हजाराहून जास्त विमानं रद्द झाली. यूएईत किमान चार, तर शेजारच्या ओमानमध्ये शाळकरी मुलांसह किमान १९ जणांचा मृत्यू झाला.

समाजमाध्यमांनी लगेच निकाल दिला: 'ढगांशी खेळ केला, भोगा आता.' प्रत्यक्षात या पुरामागचं कारण शोधायचं तर ढगांपेक्षा दुबईच्या जमिनीकडे आणि समुद्राकडे पाहावं लागतं.

१४२ मिलिमीटर म्हणजे किती?

मुंबईकराला हा आकडा ऐकून आश्चर्य वाटेल. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस म्हणजे 'अति मुसळधार'. मुंबईत पावसाळ्यात असे दिवस येतात. लोकल उशिरा धावतात, हिंदमाताला पाणी भरतं आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी शहर पुन्हा कामाला लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडलेला पाऊस होता ९४४ मिलिमीटर.

मग मुंबईच्या मानाने इतक्या कमी पावसात दुबईसारखं पैसेवालं शहर काही दिवस ठप्प का झालं? याचं उत्तर दुबई कुठे आणि कशावर वसली आहे, यात आहे.

समुद्र आहे, मग पाऊस का नाही?

दुबई आहे साधारण २५ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरा वर. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा पृथ्वीच्या याच पट्ट्यात पुन्हा खाली उतरते. खाली उतरणारी हवा दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. सहारा आणि अरबस्तानचं वाळवंट याच पट्ट्यात येतं.

पावसासाठी नुसती वाफ पुरत नाही. ती वाफ वर जाऊन थंड व्हावी लागते, तेव्हा ढग होतात. दुबईत वाफेची कमतरता नाही. पण वरून उतरणारी कोरडी हवा पातेल्यावर झाकण ठेवावं तशी बसलेली असते. समुद्रावरून आलेली वाफ जमिनीलगतच अडकते. घाम फुटतो, चष्म्यावर धुकं धरतं, पण थेंब पडत नाही.

यात आपल्या मान्सूनचाही हात आहे. जून ते सप्टेंबर भारतावर हवा प्रचंड प्रमाणात वर जाते. वर गेलेल्या हवेला कुठेतरी खाली यावंच लागतं आणि तिचा काही भाग आपल्या पश्चिमेकडे उतरतो. कोकणात धो धो पाऊस पडत असतो त्याच महिन्यांत दुबईचं आकाश कोरडं असण्यामागचं हे एक कारण.

'आखातात पाऊसच नसतो' असं मात्र नाही. ओमानमधल्या सलालाह शहराची किनारपट्टी थेट अरबी समुद्राकडे आहे आणि पाठीशी डोंगर आहेत. तिथे पावसाळी महिन्यांत धुकं आणि रिमझिम असते, डोंगर हिरवे होतात. स्थानिक भाषेत या हंगामाला 'खरीफ' म्हणतात. दुबईच्या वाट्याला मात्र अरबी समुद्र थेट आलेला नाही. तिच्यासमोर आहे होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीआडचं पर्शियन आखात. तेही उथळ, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर.

मग जो थोडा पाऊस पडतो, तो येतो कुठून?

तो हिवाळ्यात येतो, बहुतेक डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकणाऱ्या हवेच्या प्रणाली तो आणतात. यातल्याच काही पुढे पाकिस्तान आणि उत्तर भारतात पोहोचतात, तेव्हा आपण त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतो. पंजाबच्या गव्हाला मिळणारा हिवाळी पाऊस आणि दुबईतली जानेवारीची सर ही एकाच घरातली भावंडं.

हा पाऊस वर्षातले मोजके दिवस पडतो आणि लहरी असतो. एखादं वर्ष जवळपास कोरडं जातं, एखाद्या वर्षी दोन दिवसांत सगळं उरकतं. म्हणून '९५ मिलिमीटर सरासरी' या आकड्यावर फार विसंबता येत नाही. पुण्याच्या सरासरीवरून पुण्याच्या पावसाळ्याची कल्पना येते, दुबईच्या सरासरीवरून तशी येत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये अशीच एक प्रणाली या भागावर संथपणे सरकत होती. तिला उबदार समुद्रावरून भरपूर वाफ मिळाली, झाकण उघडलं आणि गडगडाटी ढगांचे मोठे समूह एकामागून एक तयार झाले.

कृत्रिम पावसामुळे पूर आला का?

यूएई १९९० च्या दशकापासून क्लाउड सीडिंगचे प्रयोग करतं, हे खरं आहे. विमानातून मिठासारखे कण ढगात सोडले जातात, त्यांच्याभोवती बाष्प जमतं आणि थेंब मोठे होतात. पण यासाठी आधी ढग असावा लागतो. सीडिंगने ढग जन्माला येत नाही, असलेल्या ढगातून थोडा जास्त पाऊस मिळू शकतो इतकंच.

शिवाय हे वादळ फक्त दुबईवर नव्हतं, ओमानसह मोठ्या प्रदेशावर पसरलेलं होतं. त्याचा अंदाज आधीच वर्तवला गेला होता. वादळाच्या काळात सीडिंगची उड्डाणं झाली नाहीत, असं यूएईच्या राष्ट्रीय हवामान केंद्राने स्पष्ट केलं. 'वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन' या शास्त्रज्ञांच्या गटानेही सीडिंगचा लक्षणीय परिणाम नसल्याचं सांगितलं.

याच गटाच्या अभ्यासानुसार, एल निनोच्या वर्षांत या भागात पडणारा सर्वांत जोरदार पाऊस तापमानवाढीपूर्वीच्या काळापेक्षा १० ते ४० टक्क्यांनी वाढला आहे. नोंदींमध्ये दिसणारी ही वाढ संगणकीय प्रारूपांमध्ये तितकी ठळक दिसत नाही, हेही त्यांनी नोंदवलं. पण हवा तापली की जास्त वाफ धरते, म्हणून तापमानवाढ हेच सर्वांत संभाव्य कारण असल्याचं त्यांचं म्हणणं आहे.

वाळू पाणी शोषते, मग शहर का तुंबलं?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं, शहराखाली सगळीकडे मोकळी वाळू नाही. आखाताच्या या किनाऱ्यावर ठिकठिकाणी 'सबखा' आहे. सबखा म्हणजे मिठाचा थर धरलेली सपाट, खारट जमीन. तिच्याखाली भूजल अगदी वर असतं. आधीच भिजलेल्या स्पंजावर पाणी ओतावं तसं होतं, पाणी मुरायला जागाच उरत नाही. दुबईत राहिलेल्यांना देरा भागातला 'सबखा' हा बस स्टँड माहीत असेल. ते नाव याच जमिनीचं आहे.

दुसरं, नदी नाही. मुंबईत मिठी आहे, दहिसर, पोईसर, ओशिवरा आहे. आपण त्यांचे नाले केले तरी पावसाच्या पाण्याने हजारो वर्षांत समुद्राकडे खोदलेल्या त्या वाटा आहेत. दुबईच्या पूर्वेला हजर पर्वत आहे आणि तिथे कोरड्या ओढ्यांना, म्हणजे वादींना, अचानक पूर येतात. पण दुबईच्या दिशेने येणारं पाणी बहुतेक वेळा वाटेतल्या वाळूच्या टेकड्यांमध्येच जिरतं. शहरातली प्रसिद्ध दुबई क्रीक ही नदी नाही, ती समुद्राची आत शिरलेली खाडी आहे. जिथे पाऊसच क्वचित पडतो, तिथे निसर्गाने पाण्याला बाहेर जायची वाट करून ठेवलेली नाही. त्यात शहर सपाट आणि समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. उतार नसला की पाणी आपोआप वाहत नाही, पंपाने खेचावं लागतं. त्या एप्रिलमध्ये टँकर आणि पंप लावून कित्येक दिवस तेच काम चाललं होतं.

तिसरं कारण माणसाने केलेलं. १९७५ मध्ये दुबईची लोकसंख्या होती सुमारे १ लाख ८३ हजार. आज ती ३५ लाखांच्या पुढे आहे. जी वाळू थोडंफार पाणी पिऊ शकत होती, तिच्यावर डांबर आणि काँक्रीट आलं. वर्षातले मोजके दिवस पडणाऱ्या पावसासाठी शहरभर मोठी गटारं बांधणं हा अनेक वर्षं वायफळ खर्च वाटत होता.

आता काय बदलतंय?

पुरानंतर दोनच महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, दुबईने 'तसरीफ' नावाचा प्रकल्प जाहीर केला. ३० अब्ज दिरहम खर्चून पावसाच्या पाण्याचं जाळं उभारायचं, शहराची निचरा क्षमता ७०० टक्क्यांनी वाढवायची आणि २०३३ पर्यंत काम संपवायचं, असा आराखडा आहे. जी वाट निसर्गाने केली नाही, ती आता यंत्रांनी खोदायची, असाच याचा अर्थ.

खरा प्रश्न आहे तो गटारं कोणत्या आकड्यावर बांधायची हा. जुन्या सरासरीवर बांधली तर पुन्हा तेच होईल. सर्वांत मोठ्या पावसाचा हिशेब धरला तर वर्षानुवर्षं कोरडी राहणारी, वाळूने भरणारी गटारं सांभाळावी लागतील. दुबईकडे पैसा आहे, त्यामुळे ती दुसरा पर्याय निवडू शकते. याच पट्ट्यातल्या गरीब शहरांना तशी निवड करता येत नाही.

पण पाण्यापेक्षा मोठा धोका वेगळाच

पूर दिसतो, म्हणून त्याचे व्हिडिओ होतात. समुद्राची दुसरी देणगी दिसत नाही.

उथळ असल्यामुळे पर्शियन आखात उन्हाळ्यात झपाट्याने तापतं. पृष्ठभागाचं पाणी ३२ अंशांच्या वर जातं, कधी ३५ पर्यंतही. वाळवंटाच्या आतल्या भागात पारा जास्त चढतो. मे २०२५ मध्ये स्वैहान इथे ५१.६ अंशांची नोंद झाली. पण ती कोरडी उष्णता असते, घाम वाळतो आणि शरीर थंड होतं. किनाऱ्यावर पारा ४०-४२ वर थांबला तरी हवेत इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही. रात्रीही तापमान ३० च्या आसपास राहतं.

हा फरक मोजायला शास्त्रज्ञ 'वेट बल्ब' तापमान वापरतात, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाने दाखवलेलं तापमान. ते ३५ अंशांना पोहोचलं की धडधाकट माणूसही सावलीत बसून काही तासांपेक्षा जास्त तग धरू शकत नाही, असं मानलं जातं. यूएईतल्याच रास अल खैमा इथे ही पातळी थोड्या वेळासाठी गाठली गेल्याचं २०२० मधल्या एका अभ्यासात दिसलं. प्रदूषण असंच वाढत राहिलं तर या शतकाच्या अखेरीस दुबईसारख्या आखाती शहरांत असे दिवस येऊ शकतात, असा इशारा त्याआधीच एका संशोधनाने दिला होता.

एसी घर, एसी गाडी आणि एसी ऑफिस असलेल्यांना हे फारसं जाणवत नाही. त्याची झळ बसते ती बांधकामावर आणि डिलिव्हरीच्या दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांना, ज्यात भारतीयांची संख्या मोठी आहे. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करायला बंदी असते. नियम चांगला आहे, पण तो उन्हाकडे पाहून आखलेला आहे. किनाऱ्यावर ऊन उतरलं तरी समुद्रावरून येणारा दमटपणा उतरत नाही. संध्याकाळी पाच वाजता मचाणावर चढलेल्या कामगाराला घड्याळाने संरक्षण मिळत नाही. ते उष्णता आणि दमटपणा एकत्र मोजूनच देता येईल.

२०३३ मध्ये दुबईची नवी गटारं किती पाणी ओढतात, हे पुढच्या मोठ्या पावसात सगळ्यांना दिसेल. ती गटारं बांधणारे कामगार मधले उन्हाळे कसे काढतात, हे मात्र कोणी मोजलं तरच कळेल.