आवाज गाडीचा, सिद्धता ग्राहकाची

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात मोटारगाड्या घडतात. त्यांच्या आवाजाची व कंपनांची शास्त्रीय तपासणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनही पुण्याचीच. तरीही इथल्या एखाद्या ग्राहकाची चार महिन्यांची गाडी वळणावर खडखडू लागली, की उत्तर ठरलेले : 'साहेब, या मॉडेलचा आवाज असाच असतो.'

मालाचे गुणदोष विक्रेत्याला ठाऊक आणि खरेदीदार अंधारात, या विषमतेने बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखविले. वॉरंटी हा त्यावरील उपाय खरा. परंतु ज्याच्यावर दुरुस्तीचा खर्च पडणार, तोच दोष आहे की नाही हे ठरविणार असेल, तर त्या हमीला अर्थ काय उरला?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मात्र दोष तपासणीवाचून ठरत नसेल, तर प्रयोगशाळेचे शुल्क आयोग तक्रारदारालाच आधी भरावयास सांगू शकतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार वर्षभरात दिसून आलेला दोष मुळातलाच मानला जातो. तसे नाही, हे विक्रेत्याने सिद्ध करावयाचे.

निष्काळजी चालकांचा भुर्दंड आम्हांला का, असा आक्षेप येईल. पण यंत्रे आणि तंत्रज्ञ ज्याच्यापाशी आहेत, त्याला ही सिद्धता सर्वांत स्वस्त पडते. आपल्या कायद्यातही हे तत्त्व यावयास हवे. तोवर ग्राहकाने प्रत्येक तक्रार जॉबकार्डावर लिहून घ्यावी व तिची प्रत जपावी. तोंडी तक्रारीला आयोगापुढे साक्षीदार नसतो.