नोंद आधी, सिद्धान्त मागाहून

आनंद कुमारस्वामी आम्ही वर्गात शिकवतो ते 'द डान्स ऑफ शिव' (१९१८) या निबंधसंग्रहाचे लेखक म्हणून. १९१७पासून १९४७मध्ये मृत्यू येईपर्यंत ते बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. मूळचे भूवैज्ञानिक असलेल्या या विद्वानाने तेथील भारतीय संग्रहाच्या सूची १९२३पासून सिद्ध केल्या. वस्तू कोणती, कोठली, केव्हाची, हे आधी ठरवावे आणि मग अर्थाकडे वळावे, ही सूचिकाराची शिस्त. त्यांच्या सौंदर्यविचाराला या नोंदींचा पाया आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या समीक्षेत सिद्धान्त आधी येतो, संहिता मागाहून. कधी येतच नाही. म्हणून रससिद्धान्त शिकविण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून एखाद्या हस्तलिखिताची वर्णनात्मक नोंद करवून घ्यावी. ते साधे काम ज्याला जमत नाही, त्याच्या समीक्षेवर विसंबावे कसे?